नायफच्या गल्लीतला पाद्री

इनास रुमाव दुबईतल्या नायफच्या गल्लीत राहायला आला, त्या दुपारीच गल्लीने त्याला हकीम ठरवून टाकलं. पायापर्यंत पांढरा झगा, कमरेला काळा पट्टा, हातात चामड्याची पेटी आणि चेहऱ्यावर उपाशी माणसाची नम्रता. हकिमाला आणखी काय लागतं? पेटी खाली ठेवायच्या आत एक बाई कान दुखणारं पोर घेऊन दारात उभी राहिली. इनासला कोणाला नाही म्हणणं कधी जमलंच नाही. त्याने वाकून कानात पाहिलं आणि कपडा गरम करून शेकायला सांगितलं. पोराचा कान दुखायचा थांबला. दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली असती, पण संध्याकाळी हनीफ कामावरून आला.

हनीफ म्हणजे गल्लीचा रेडिओ. फरक इतकाच, की रेडिओ बंद करता येतो. हा मूळचा दाभोळचा. हॉस्पिटलची व्हॅन चालवायचा आणि दुबईत कोण पडलं, कोण उठलं, कोणाला मुलगी झाली आणि कोणाचं तोंड त्यामुळे कसं झालं, हे सगळं रोज घरपोच आणायचा. इनासच्या शेजारचीच खोली त्याची. त्याने झगा पाहिला, गळ्यातला क्रूस पाहिला आणि ओट्यावरून जाहीर केलं, "हकीम कसला? पाद्री आहे हा! ख्रिश्चनांचा मौलवी."

"पाद्री नाही हनीफभाई," इनास घाईघाईने म्हणाला. "अजून शिकतोय."

"शिकतोयस ना? मग झालं तर. डॉक्टरीला बसलेल्या पोराला आमच्या दाभोळात पहिल्या दिवसापासून डॉक्टरसाहेब म्हणतात. नापास झाला तरी म्हणतात."

त्या दिवसापासून इनास गल्लीचा पाद्री झाला. तो सुरुवातीला प्रत्येकाला दुरुस्त करायचा. मग दिवसाआड करायला लागला. मग हाक आली की ओ द्यायला लागला.

ही सदुसष्ट सालची गोष्ट. तेव्हा अमिरातींचं एक राज्य झालेलं नव्हतं. दुबई म्हणजे मधे खाडी, खाडीच्या दोन काठांवर वस्ती, आणि वस्ती संपली की वाळू. अशा ठिकाणी वसईजवळच्या आगाशीचा मुलगा इटालियन भाषा शिकायला येतो, हे ऐकून गल्लीने आधी हसून घेतलं. "इटालियन शिकायला इटलीला जातात, येड्या. आगबोट चुकली का तुझी?" पण त्यात चूक काही नव्हती. मुंबईच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, इनासची सुरुवातीची वर्षं झाली होती. इटलीतल्या एका मठाने त्याला पुढच्या शिक्षणासाठी घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, भाषा येऊ दे. दुबईच्या चर्चमध्ये त्याच मठाचे म्हातारे धर्मगुरू पाद्रे अन्सेल्मो एकटे होते. त्यांना हाताखाली माणूस हवा होता, माणसाला भाषा हवी होती. पुढच्या ईस्टरनंतर इटली, असं ठरलं. पाद्रेंच्या घरात खोली एकच, म्हणून इनासचं बिऱ्हाड नायफमध्ये.

त्याचा दिवस उजाडायच्या आधी सुरू व्हायचा. मशिदीतली पहिली बांग आणि इनासचा गजर यांत कोण आधी, यावर हनीफ पैज लावायचा. गोड्या पाण्याच्या डब्यातून दोन तांबे अंगावर, मग गुडघ्यांवर प्रार्थना, मग झगा घालून खाडीपर्यंत चालत. नावेत बसला की इटालियन शब्द मोठ्याने घोकायचा. नावाडी इराणी. त्याला वाटायचं हा माणूस बुडायच्या भीतीने काही म्हणतोय. तो बिचारा नाव हळू न्यायचा. पलीकडे उतरून चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, मग झाडलोट, आणि मग पाद्रेंच्या स्वयंपाकघरात शिकवणी.

पाद्रे अन्सेल्मोंची दाढी छातीपर्यंत होती आणि शिकवायची पद्धत चुलीपर्यंत. पुस्तक त्यांनी तीन महिने उघडलंच नाही. "पुस्तक नंतर," ते म्हणायचे, "आधी तुला भूक इटालियनमध्ये लागू दे." कांद्याचं नाव आलं नाही तर कांदा मिळायचा नाही. मिठाचं नाव चुकलं त्या दिवशी दोघांनी अळणी जेवण जेवलं, आणि म्हातारा प्रत्येक घासाला मान हलवत मिटक्या मारत होता. शुक्रवारी पाद्रे कणकेच्या लांब पट्ट्या कापून कपड्यांच्या दोरीवर वाळत घालायचे. हनीफची मुलगी कुलसुम एकदा बापाबरोबर तिकडे गेली होती. घरी येऊन तिने आईला इंग्रजीत सांगितलं, "मम्मी, दे आर ईटिंग देअर बनियन."

शुक्रवार हा इनासचा कठीण वार. तिथे रविवारी सगळ्यांना काम, म्हणून रविवारची मोठी मिस्सा शुक्रवारी व्हायची. जुन्या वळणाच्या पाद्रेंचा नियम असा की शुक्रवारी मांस बंद. आणि नायफच्या गल्लीत नेमकं शुक्रवारीच घराघरात मटण शिजायचं. इनास खोलीत बसून त्या वासात प्रार्थना म्हणायचा.

"तुझ्या खुदाने वार ठरवताना आम्हांला एकदा विचारायचं तरी होतं," हनीफ म्हणायचा.

मग हनीफची बायको बदरुन्निसा आतून ओरडायची, "गप्प बसा तुम्ही! इनास, ताट घेऊन जा. तुझ्यासाठी बांगड्याचं कालवण वेगळं केलंय." ती त्याला पाद्री कधीच म्हणाली नाही. इनासच म्हणायची. रमजानात तो दिवसा गल्लीत पाणीसुद्धा प्यायचा नाही, आणि इफ्तारीला तिच्या हातचं सांदण खायला सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा.

"उपास आमचा, पुण्य आमचं, सांदण ह्याचं," हनीफ म्हणायचा. "पाद्री, तुझं गणित पक्कं आहे."

इनास हसायचा. त्याचं हसू मोठं नव्हतं, पण टिकायचं. आगाशीत त्याची आय एकटी पानवेलींची मशागत करत होती. वडील लहानपणीच गेलेले, भाऊबहीण नाही. असला एकुलता मुलगा देवाला देऊ नकोस, म्हणून अख्ख्या आळीने तिला समजावलं होतं. तिचं म्हणणं एवढंच, की तुझ्या हातून एकदा ख्रिस्तशरीर, तो मिस्सेतला प्रसाद, घेतला की मी मरायला मोकळी. इनासला जगात दुसरं काही व्हायचंच नव्हतं. लहानपणी तो केळीच्या पानाचा झगा करून मिस्सा-मिस्सा खेळायचा. इतर पोरं चोर-पोलीस खेळायची तेव्हा ह्याला कोणी खेळात घ्यायचं नाही, कारण हा चोरालाही माफ करून टाकायचा.

पाद्रेंबरोबर तो आठवड्यातून एकदा हॉस्पिटलात आजाऱ्यांना भेटायला जायचा. समुद्रात तेलाचं काम चालायचं, तिथले जायबंदी गोरे कामगार तिथे असत, त्यांत इटालियनही. पाद्रेंनी त्याच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं होतं. कुठल्याही खाटेजवळ गेलास की आधी हे, मग तब्येतीची चौकशी. "नॉन सोनो प्रेते, सोनो सेमिनारिस्ता." मी धर्मगुरू नाही, सेमिनरीतला विद्यार्थी आहे. झगा दोघांचा सारखाच दिसतो. मरणाच्या खाटेवरच्या माणसाला तो फरक दिसत नाही, म्हणून तो सांगायला हवा. इनास ते वाक्य नावेत घोकायचा, न्हाताना घोकायचा. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून ते कुलसुमला पाठ झालं होतं.

जानेवारीत पाऊस आला. तिथला पाऊस म्हणजे वर्षाचं सगळं भांडण एका दिवसात उरकायचं. पाद्रे आदल्या दिवशीच जीपने डोंगरापलीकडे खोर फक्कानला गेले होते. तिथे एका गोवेकर खानसाम्याच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. डोंगरातल्या वाद्या, म्हणजे एरवी कोरड्या पडलेल्या नद्या, भरून वाहू लागल्या. रस्ता म्हणून जो काही होता तो त्या वाद्यांमधूनच जायचा. तो बंद झाला.

दुपारी हनीफची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवत उभी राहिली. चिखलातून तो धावतच आला.

"पाद्री! यल्ला, चल. ऊठ!"

"काय झालं?"

"इटलीवाला मरतोय. समुद्रातला वेल्डर आहे, बार्ज आणि पाइपमध्ये चेंगरला. डॉक्टर म्हणाला खलास, तासाभराचा सोबती. शुद्धीत आहे, आणि नुसता पाद्रे, पाद्रे करतोय."

"पाद्रे अन्सेल्मोंना निरोप..."

"वाद्यांच्या पलीकडे आहेत ते! पोलीस ठाण्यातून विचारलं मी. उद्याशिवाय रस्ता नाही. तू आहेस ना?"

"हनीफभाई, मी पाद्री नाही."

हनीफ त्याच्याकडे बघतच राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांची टोपी उडवणारा माणूस, पण त्या क्षणी त्याचं तोंड खरंच उतरलं. "अरे, ही काय थट्टेची वेळ आहे?" तो म्हणाला. "आमच्यात मौलवी नसला तर जवळ जो असेल तो मरणाऱ्याला कलमा सांगतो. ड्रायव्हर सांगतो, वॉर्डबॉय सांगतो. मी स्वतः किती जणांना सांगितलाय. आणि तू एवढी वर्षं हेच शिकतोयस. चल, हबीबी, माणूस एकटा आहे तिथे."

शेवटच्या वाक्यावर इनासने झगा अंगात घातला. आणि तसं पाहिलं तर जायला हरकतही नव्हती. मरणाऱ्याजवळ बसून प्रार्थना कोणीही म्हणू शकतो, इनासच्या धर्मातही. एक गोष्ट मात्र धर्मगुरूच करू शकतो. मरणारा आपली पापं सांगतो, ती ऐकून देवाच्या नावाने त्याला क्षमा द्यायची. जो धर्मगुरू नाही त्याने ती दिली, तर ती क्षमा नव्हेच. उलट देणाराच चर्चबाहेर पडतो आणि धर्मगुरू व्हायचं दार त्याला बंद होतं. सेमिनरीतल्या पोरट्यालाही हे माहीत असतं. इनास व्हॅनमध्ये हनीफच्या शेजारी बसला आणि वाटभर ते एकच वाक्य तोंडात घोळवत राहिला. नॉन सोनो प्रेते. नॉन सोनो प्रेते.

खोलीत शिरता शिरता हनीफने आपल्या जवळचं होतं नव्हतं तेवढं इटालियन आणि इंग्रजी एकत्र करून मोठ्याने सांगितलं, "पाद्रे! पाद्रे कम!"

खाटेवरच्या माणसाने डोळे उघडले. पस्तिशीचा असेल. नाव ब्रूनो. हाताच्या नखांत काळं तेल तसंच होतं. इनासचा झगा दिसला आणि ताणलेली दोरी कोणी सोडावी तसा त्याचा चेहरा सैल झाला. इनासने तोंड उघडलं, तेवढ्यात त्या माणसाने त्याची बाही पकडली आणि तो बोलायला लागला. भराभर, अडखळत, मधे श्वास घेत. त्याने सुरुवातच पापांपासून केली. एवढा वेळ सांभाळून ठेवलं होतं, आता त्याला थांबायचं नव्हतं.

तो काय बोलला, हे इनासने जन्मात कोणाला सांगितलं नाही. नायफच्या गल्लीने कोणाच्या पेटीत काय आहे, कोणाच्या बायकोने माहेरी काय कळवलं, हे सगळं खणून काढलंय. पण ही एक गोष्ट तिला कधी मिळाली नाही, आणि मिळणारही नाही.

त्याचं बोलणं संपलं. बाही सुटली नव्हती. तो वाट बघत होता. केरळची एक नर्स पाण्याचा पेला घेऊन बाजूला उभी होती, हनीफ दारात टोपी हातात घेऊन. इनासच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते त्याने बाहेर काढलं असतं, तर त्या माणसाला कळलं असतं की ज्याला आपण सगळं दिलं तो कोणी नव्हे, खरा माणूस उद्या येणार आहे, आणि उद्या आपल्यासाठी नाही.

इनासने उजवा हात उचलला. सेमिनरीत ऐकून ऐकून पाठ झालेले ते लॅटिन शब्द त्याने एकही न गाळता म्हटले, आणि हवेत क्रूस काढला.

ब्रूनोने बाही सोडली. पाणी मागितलं, दोन घोट घेतले. मग कोणाशी तरी, बहुतेक आईशी, घरातलं काहीबाही बोलत राहिला. तिसऱ्या प्रहरच्या बांगेच्या आधी तो गेला.

संध्याकाळी ओट्यावर हनीफने गल्लीला सगळा प्रसंग करून दाखवला. "काय सांगू! तो माणूस असा तडफडत होता. आपल्या पाद्रीने हात असा वर केला, असा, आणि काय ते मंतरलं, की माणूस एकदम शांत! मी किती मरणं बघितली, असं मरण नाही बघितलं." तीनचार वेळा त्याने हवेत क्रूस काढून दाखवला, चौथ्या वेळी तो क्रूस जरा मोठाच झाला होता. बदरुन्निसा घावणे घेऊन इनासच्या दाराशी गेली. तो खाली मान घालून जमिनीवर बसला होता. त्याने घावणे घेतले नाहीत, आणि त्याने तिच्या हातचं काही नाकारायची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी गुडघ्यांपर्यंत चिखलात माखलेले पाद्रे अन्सेल्मो खाडीवर उतरले. व्हॅन धुवायला हनीफ नेमका तिथेच होता. इनासने तोंड उघडायच्या आधीच बातमी पाद्रेंपर्यंत पोचली, अभिनयासकट. म्हातारा हनीफला हसून धन्यवाद म्हणाला. मग घरी गेला, पाय धुतले, आणि इनासला कॉफी करायला सांगितली.

"तुझा ड्रायव्हर म्हणतो, तू हात वर केलास," ते म्हणाले. इटालियनमध्येच, सावकाश, त्याला समजेल असं. "आता हनीफ मुसलमान माणूस. आशीर्वादाचा हात कोणता आणि क्षमेचा हात कोणता, हे त्याला काय माहीत? आशीर्वाद तर आईसुद्धा मुलाला देते. तू त्याला आशीर्वाद दिलास."

सुटकेचं दार उघडं होतं. म्हाताऱ्याने ते स्वतःच्या हाताने उघडून धरलं होतं.

"नाही पाद्रे," इनास म्हणाला. "मी शब्द म्हटले. पुरे म्हटले."

कॉफी उतू गेली. कोणी उठलं नाही.

"तो मनापासून पस्तावला होता ना?" पाद्रे म्हणाले. "मग देवाला तेवढं पुरे होतं. तुझ्या शब्दांची गरज नव्हती."

"देवाला नव्हती. त्याला होती."

पाद्रेंनी दाढीवरून हात फिरवला. मग दुसरं दार उघडलं. तरुण मुलगा, मरणाची खाट, जवळ दुसरा कोणी नाही. रोम हे समजून घेईल. आपण स्वतः कळवू. रोमला त्यासाठी एकच गोष्ट लागेल. जे केलं त्याचा पश्चात्ताप झाला, असं इनासने मनापासून म्हणायचं. बस. ईस्टर अजून लांब होता. म्हणायला वेळ होता.

तिथून पुढचे आठवडे शिकवणी चालूच राहिली. कांदा, मीठ, कणकेच्या पट्ट्या, सगळं तसंच. फक्त शेवटी, इनास निघायला उभा राहिला की म्हातारा विचारायचा, "मग?" आणि इनास म्हणायचा, "अजून नाही, पाद्रे." मग नावेत बसायचा. आता तो मोठ्याने काही घोकायचा नाही.

आळस त्याने केला नाही. तो समुद्रावर जाऊन बसायचा आणि स्वतःला प्रश्न विचारायचा. पुन्हा तीच खोली, तीच बाही, तोच माणूस वाट बघतोय, काय करशील? उत्तर दरवेळी तेच यायचं. मग तो पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला घ्यायचा, आणि ज्या शब्दावर मन लागायला हवं तिथे आला की थांबायचा. देवाशी खोटं बोलून देवाचा माणूस व्हायचं, हे त्याला जमेना. आगाशीच्या पानवेलींजवळ बसलेली आय डोळ्यांपुढे यायची. मग तर आणखीनच जमेना.

एकदा पाद्रे चिडले. हातातली सुरी त्यांनी पाटावर आपटली. "हा गर्व आहे! तुला वाटतं, चर्चपेक्षा तुला जास्त कळतं."

"असेल, पाद्रे."

"मग त्याचा तरी पश्चात्ताप कर!"

इनासच्या डोळ्यांत पाणी आलं. "करतोय," तो म्हणाला. "पण त्याच्या खाली ते दुसरं तसंच आहे. ते हलत नाही."

म्हातारा खुर्चीत बसला. भिंतीकडे बघत म्हणाला, "खोर फक्कानचा तो बाप्तिस्मा आठवड्याने केला असता तरी चाललं असतं. पोर काही पळून जात नव्हतं." पुढे त्याने "मग?" विचारणं सोडून दिलं. तेव्हा इनासला कळलं, की आता संपलं.

ईस्टर आला, गेला. इटलीतली जागा दुसऱ्याच कोणाला गेली. इनासने झगा धुऊन, इस्त्री करून पाद्रेंच्या कपाटात ठेवला आणि खाडीवरच्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागला. शुक्रवारच्या मिस्सेला तो जायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. सगळे ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत पुढे जायचे तेव्हा तो गुडघ्यांवरच राहायचा. ज्याचा पस्तावा नाही त्याला क्षमा नाही, आणि क्षमेशिवाय त्या रांगेत जागा नाही. हा नियम त्याला कोणी लावला नव्हता. त्याचा त्यानेच लावला होता, आणि मोडला नाही.

पण गल्लीला हे कुठे माहीत? गल्लीने पाद्री पँटमध्ये पाहिला, आणि तिला आठवडाभर दुसरं काही सुचेना.

"इटली कॅन्सल?" हनीफने विचारलं. "का रे?"

"जमलं नाही, हनीफभाई."

"जमलं नाही म्हणजे?" हनीफ डोळे बारीक करून त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला. मग त्याने मांडीवर थाप मारली. "मी सांगतो! त्या इटलीवाल्याच्या दिवसापासून तू असा आहेस. जेवण नाही, हसणं नाही. तिथे ती नर्स होती ना, केरळची, पाण्याचा पेला घेऊन उभी? अरे वा, पाद्री! मरणाच्या खाटेजवळ नजर लागली तुझी?" आणि सगळ्या गल्लीकडे वळून, छाती पुढे काढून म्हणाला, "आणि तिथे ह्याला कोण घेऊन गेलं? मी! माझ्यामुळे जुळलं हे."

इनासने तोंड उघडलं. एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. त्याने हनीफच्या तोंडाकडे पाहिलं, त्यावरचा तो आनंद पाहिला, आणि तोंड मिटून मान खाली घातली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. लाजला, लाजला!

त्या नर्सची पुढच्या महिन्यात बहरीनला बदली झाली. तिला यातलं अक्षरही कळलं नाही.

बदरुन्निसाने मात्र त्याला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. तिला नर्सची गोष्ट एक दिवसही पटली नव्हती. ज्याला शुक्रवारचं मटण हलवू शकलं नाही, त्याला नर्स काय हलवणार? "खरं सांग," ती म्हणाली. "त्या दिवशी ह्यांनी तुला नेलं, त्यातलंच काही आहे ना? तुझ्याकडून काही करून घेतलं ह्यांनी?"

"नाही भाभी. त्यांनी फक्त नेलं. केलं ते मी."

"म्हणजे आहे."

इनासने डबा भरून घेतला. "त्यांना सांगू नका," तो म्हणाला. "त्यांनी माणुसकीच केली. त्यांना कळलं तर ते पुन्हा कोणाला असं न्यायला घाबरतील."

तिने सांगितलं नाही. ज्या घरात काही टिकत नव्हतं, त्या घरात ती एक गोष्ट तिने टिकवली.

नर्सची गोष्ट मात्र गल्लीत मावेना. ती खाडीवर गेली, तिथून खलाशांच्या तोंडून मुंबईला, आणि मुंबईहून वसईच्या गाडीने आगाशीला. इनासला हे समजलं तेव्हा तो आठ दिवस विचार करत राहिला, की आयला खरं कळवावं का. मुलगा बाईपायी फिरला, हे ती रडून संपवू शकेल. शेजारणींत तोंड दाखवायला दोन महिने लागतील, मग दाखवेल. पण पाद्री नसताना पाद्रीचे शब्द म्हणाला, आणि वर पस्तावतही नाही, हे त्या म्हातारीच्या छातीवर ठेवायचं कसं? तिला तो चर्चबाहेरचाच दिसला असता, रोज, झोपेतसुद्धा. त्याने काहीच कळवलं नाही. न कळवणं म्हणजे होच.

वर्ष सरता सरता आगाशीचा पेद्रू आगबोटीवरून उतरला. बोटीवर स्टुअर्ड होता, इनासच्या आळीतला. नायफमध्ये विचारत विचारत आला. 'पाद्री कुठे राहतो' म्हटल्यावर पोरांनी त्याला थेट दारात आणून सोडलं. ओट्यावर हनीफ होता, बदरुन्निसा सुकट निवडत होती. पेद्रूने पिशवीतून केळीच्या सोपटात बांधलेल्या सुकेळ्यांच्या दोन पुड्या काढल्या. वसईची सुकवलेली केळी, काळसर, मधाच्या वासाची.

"तुझ्या आयने दिलीत," पेद्रू म्हणाला. "एक तुला. आणि ही दुसरी तिला."

"कोणाला?"

"आता मला काय विचारतोस? तुझ्या त्या नर्सला." पेद्रू जरा संकोचून बसला, मग निरोप पाठ केल्यासारखा बोलला. "आय म्हणाली, सुरुवातीला लई रडले. आता नाही. म्हणाली, देवाला नको होता तो, तर निदान कोणाला तरी हवा झाला. एकटा तर नाही पडला. तिला घेऊन ये म्हणाली. मागच्या खोलीला चुना लावलाय तिने. आणि केरळच्या बाईला भात कसा लागतो, तेवढं विचारून ये म्हणाली. मऊ की मोकळा."

इनास दोन्ही पुड्या मांडीवर घेऊन बसला होता. तो पुड्यांवरून हात फिरवत राहिला.

"सांग तिला," शेवटी तो म्हणाला, "मोकळा."

"बस, एवढंच?"

"एवढंच सांग."

पेद्रूची बोट संध्याकाळी सुटणार होती. चहा पिऊन तो उठला. तो गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत हनीफने कसाबसा धीर धरला होता.

"पाद्री, तुझी ती तर बहरीनला पळाली," तो म्हणाला, आणि त्याने दुसऱ्या पुडीचा दोरा सोडलासुद्धा. "आता ही कोणाला देणार? सासूच्या हातचं वाया घालवू नये. तिच्या वाटणीचं मी खातो. शेवटी जुळवलं कोणी?"

"खा, हनीफभाई," इनास म्हणाला. "तुमचंच आहे."

हनीफने एक सुकेळं तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! अल्ला तुझ्या आयला लांब आयुष्य देवो." मग दुसरं घेतलं, आणि एक इनासच्या हातात कोंबलं. इनास ते खाऊ लागला.

बदरुन्निसा सुकटीचं सूप तिथेच टाकून उठली आणि आत निघून गेली.

"आता हिला काय झालं?" हनीफने तोंडात घास धरूनच विचारलं.